क्लिफ एडवर्ड्स : तीन विवाह, एक आवाज आणि अमेरिकन कायदा

१

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन रंजनव्यवसायाचा इतिहास लिहिताना गायकनटांची कला हा विद्येचा विषय मानला जातो, आणि त्यांचे विवाह, घटस्फोट व कर्जे ही वृत्तपत्री कुतूहलाकडे सोपविली जातात. ही वाटणी सोयीची आहे; परंतु ती सर्वत्र टिकत नाही. काही चरित्रे अशी असतात की, त्यांतील कलेचा हिशेब विवाहाच्या हिशेबावाचून लागत नाही, आणि विवाहाचा हिशेब त्या काळच्या कायद्याची वही उघडल्यावाचून लागत नाही. ‘युकुलेली आइक’ ह्या नावाने गाजलेला क्लिफ एडवर्ड्स (१८९५–१९७१) ह्याचे चरित्र ह्या प्रकारचे आहे.

एडवर्ड्सची कथा बहुधा एका ठराविक साच्यात सांगितली जाते. १९२० नंतरच्या दशकात त्याने अमाप पैसा मिळविला. मद्य, मादक द्रव्ये व जुगार ह्यांत तो उधळला. तीन वेळा लग्न केले व तिन्ही वेळा ते मोडले. उरलेली कमाई पोटगीत व थकलेल्या करात गेली. आणि अखेर तो निष्कांचन स्थितीत मरण पावला. ह्या कथेतील घटना खोट्या नाहीत. परंतु तीत कार्यकारणभावाच्या जागी नीतिबोध बसविलेला आहे. उधळेपणाने माणूस गरीब होतो हे खरे. पण ज्याचा आवाज त्याच्या मृत्यूच्या वर्षीही चित्रपटगृहांतून व घराघरांतून ऐकू येत होता, त्याला त्या आवाजाचे उत्पन्न का तारू शकले नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर उधळेपणात सापडत नाही. ते दोन निरनिराळ्या कायद्यांत सापडते : विवाहविच्छेदाच्या व ध्वनिमुद्रणाच्या.

२

क्लिफ्टन एव्हॉन एडवर्ड्स ह्याचा जन्म १४ जून १८९५ रोजी मिझुरी राज्यातील हॅनिबल ह्या गावी झाला. मिसिसिपी नदीच्या काठचे हे गाव मार्क ट्वेनच्या बालपणामुळे जगास ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो सेंट लुईस व सेंट चार्ल्स येथील गुत्त्यांतून गाऊ लागला. ह्या गुत्त्यांतील पियानो बहुधा मोडकळीस आलेले असत. काही ठिकाणी ते नसतच. स्वतःच्या गाण्याला स्वतःच साथ करता यावी म्हणून त्याने युकुलेली हे चार तारांचे वाद्य निवडले. दुकानातले सर्वांत स्वस्त वाद्य तेच होते, एवढेच त्या निवडीचे कारण सांगितले जाते.

परंतु ही निवड योग्य वेळी झाली. हे वाद्य मुळात पोर्तुगालच्या मादेरा बेटातले. १८७९ साली तेथून होनोलुलूस गेलेल्या मजुरांनी आपल्या लहान गिटारी बरोबर नेल्या व त्यांतून हवाई बेटांवर युकुलेलीची घडण झाली. ‘उडी मारणारी पिसू’ असा त्या हवाइयन शब्दाचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाई संगीताने लोकांना वेड लावले आणि हे वाद्य अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले. पुढे सुट्या गाण्यांचे कागद छापणारे प्रकाशक स्वरलिपीच्या वर युकुलेलीवरील बोटांच्या जागा दाखविणाऱ्या आकृत्या छापू लागले. एडवर्ड्सचे नाव ह्या लाटेबरोबर वर गेले आणि त्याच्या लोकप्रियतेने ती लाटही उंचावली. ‘युकुलेली आइक’ हे नाव त्याने स्वतः घेतलेले नव्हते. ज्याला त्याचे खरे नाव कधी आठवत नसे अशा एका गुत्त्यातील माणसाने ते त्याला दिले, अशी परंपरा आहे. टोपणनाव मूळ नावावर मात करून बसण्याचा हा पहिला प्रसंग. त्याच्या आयुष्यात तो शेवटचा ठरला नाही.

१९१८ साली शिकागो येथील आर्सोनिया कॅफेत तेथील पियानोवादक बॉब कार्लटन ह्याने रचलेले ‘जा-दा’ हे गाणे त्याने गाइले आणि त्याला पहिले मोठे यश मिळाले. त्यानंतर जो फ्रिस्को ह्या नर्तकाच्या संचातून तो न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात पोहोचला.

३

येथे ‘व्हॉडव्हिल’ ह्या संस्थेचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण मराठीत तिला नेमका प्रतिशब्द नाही आणि आपल्याकडील नाटकमंडळीशी तिची तुलना करणे फसवे ठरते. नाटकमंडळीत एक संच एक नाटक घेऊन हिंडतो. व्हॉडव्हिलमध्ये एका खेळात आठदहा स्वतंत्र कार्यक्रम एकापुढे एक मांडलेले असत : गायक, नर्तक, कसरतपटू, विनोदी जोड्या, शिकविलेली जनावरे. प्रत्येक कलावंताचा कार्यक्रम दहापंधरा मिनिटांचा. गावोगावच्या थिएटरांच्या साखळ्या बांधलेल्या असत. पूर्वेकडे कीथ-अल्बी व पश्चिमेकडे ऑर्फियम ह्या त्यांतील प्रमुख. कलावंत आठवडाभर एका गावी आणि पुढचा आठवडा दुसऱ्या गावी, असा वर्षातील बराच काळ आगगाडीत व हॉटेलांत काढी. १९१३ साली उघडलेले न्यूयॉर्कचे पॅलेस हे ह्या धंद्यातील सर्वोच्च स्थान होते.

ह्या व्यवस्थेत कलावंताजवळ विकण्यासारखी वस्तू एकच असे : इतरांपासून चटकन वेगळी ओळखू येणारी लकब. एडवर्ड्सची लकब आवाजात होती. उंच, हलका, किंचित अनुनासिक वाटणारा तारस्वर. त्यातून सहज खोट्या स्वरात चढणे. आणि गाण्याचे शब्द संपले की निरर्थक अक्षरांनी वाद्याची नक्कल करणे. ह्या नकलेला तो ‘ईफिन’ म्हणे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे. निरर्थक अक्षरांची ही गायकी, म्हणजे पुढे जिला ‘स्कॅट’ हे नाव पडले ती, केवळ गंमत नव्हे. तीत अर्थ काढून घेतल्यावर भाषेचे जे उरते, म्हणजे अक्षराची घडण, आघात, लय व स्वरांची उंची, तेवढ्यावर गायन चालते. अक्षराच्या आरंभीचे स्पर्शवर्ण तारेवरील आघाताचे काम करतात व स्वर त्या तारेच्या गुंजनाचे. ‘जा-दा’ ह्या गाण्याचे नावच अशा दोन अक्षरांचे आहे, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. त्या काळच्या रुचीचा तो पुरावा आहे.

१९२२ साली ‘लॅड्स ब्लॅक एसेस’ ह्या वादकसंचाबरोबर एडवर्ड्सने केलेल्या ध्वनिमुद्रणात अशी गायकी ऐकू येते. लुई आर्मस्ट्राँगच्या ज्या सुप्रसिद्ध तबकडीपासून स्कॅटचा आरंभ सांगण्याची रीत पडली ती १९२६ सालची आहे. परंतु ह्यावरून अग्रमान एडवर्ड्सला द्यावा असे मात्र नाही. ही गायकी नीग्रो गायकवादकांच्या व्यवहारात आधीपासून होती. मुद्रणाची संधी गोऱ्या कलावंतास आधी मिळाली, एवढाच त्या तारखांचा अर्थ. ज्या संचाबरोबर तो गाइला त्याच्या नावात ‘काळे’ हे विशेषण असूनही त्यातील वादक सर्व गोरे होते. कोणाचा आवाज कोणाच्या नावावर विकला जातो, हा प्रश्न ह्या व्यवसायाच्या पायातच होता.

४

एडवर्ड्सचे तीन विवाह त्याच्या धंद्याच्या तीन अवस्थांशी जुळतात. पहिला विवाह तो विशीत असताना, गुत्ते आणि दुय्यम दर्जाची थिएटरे ह्यांच्या काळात झाला आणि १९२३ पूर्वी संपला. दुसरा विवाह १९२३ साली आयरीन वायली हिच्याशी झाला व १९३१ साली घटस्फोटाने संपला. हा त्याच्या सर्वोच्च वैभवाचा काळ. तिसरा विवाह १९३२ साली नॅन्सी डोव्हर ह्या चित्रपटनटीशी झाला आणि १९३६ च्या सुमारास मोडला. हा महामंदीचा व उतरत्या कमाईचा काळ. त्यानंतर त्याने पुन्हा लग्न केले नाही.

दुसऱ्या विवाहाच्या काळातील वैभवाची कल्पना दोन नाटकांवरून यावी. १ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात जॉर्ज व आयरा गर्श्विन ह्या बंधूंचे ‘लेडी, बी गुड’ हे संगीतक रंगभूमीवर आले. फ्रेड व अडेल अस्टेर ही भावंडे त्याची प्रमुख आकर्षणे होती. त्यांच्याबरोबर एडवर्ड्सही होता. ह्या संगीतकाचे ३३० प्रयोग झाले. पुढच्या वर्षी जेरोम कर्नचे संगीत असलेल्या ‘सनी’मध्ये तो होता. त्याचे एक लेखक ऑस्कर हॅमरस्टाइन ह्यांनी पुढे सांगितले आहे की, एडवर्ड्सचा स्वतःचा कार्यक्रम रात्री दहा ते सव्वादहा ह्याच वेळात झाला पाहिजे असे त्याच्या करारात होते, आणि त्या बेताने कथानक रचावे लागले. ज्याच्यासाठी कथानक वाकवावे लागते त्याची बाजारातील किंमत काय असेल, हे वेगळे सांगावयास नको. १९२८ साली ‘आय कान्ट गिव्ह यू एनिथिंग बट लव्ह’ हे त्याचे गाणे अतिशय खपले. त्याच्या एकूण ७ कोटी ४० लाख तबकड्या खपल्या असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हा आकडा जपून घेतला पाहिजे. कारण तबकड्यांच्या खपास उद्योगसंघटनेने प्रमाणपत्र देण्याची पद्धत १९५८ साली सुरू झाली, आणि त्यापूर्वीचे आकडे बहुतांशी जाहिरातीचे आकडे आहेत. खप प्रचंड होता, एवढे मात्र निर्विवाद.

१९२९ साली लॉस एंजेलिसच्या ऑर्फियममध्ये त्याचे गाणे ऐकून एम.जी.एम. चित्रसंस्थेच्या अर्व्हिंग थॅलबर्गने त्यास करारबद्ध केले. त्याच वर्षीच्या ‘हॉलिवूड रेव्ह्यू’ ह्या बोलपटात ‘सिंगिंग इन द रेन’ हे गाणे पडद्यावर प्रथम आणले ते एडवर्ड्सने. पुढे जीन केलीच्या १९५२ सालच्या नृत्यामुळे ह्या गाण्याच्या पहिल्या गायकाचे नाव लोकस्मृतीतून जवळजवळ पुसले गेले. त्यानंतरची त्याची कामे प्रायः विनोदी दुय्यम भूमिकांची होती. बस्टर कीटनच्या ‘डोबॉइज’ (१९३०) आदी बोलपटांत तो दिसतो. इकडे व्हॉडव्हिलच मरू लागले होते. १९३२ साली पॅलेस थिएटराचे रूपांतर चित्रपटगृहात झाले. ज्या वर्षी एडवर्ड्सने तिसऱ्यांदा विवाह केला, त्याच वर्षी ज्या संस्थेने त्यास घडविले तिचे मुख्य पीठ बंद पडले.

ह्या तीन स्त्रियांविषयी प्रचलित चरित्रांत ‘पोटगी घेणाऱ्या बायका’ ह्यापलीकडे फारसे काही नसते. हा अन्याय आहे. तिसरीचेच उदाहरण घ्यावे. टेक्सासमधली ही मुलगी मूळची ल्युसिल केली. चित्रपटात ती प्रथम नॅन्सी डोव्हर झाली. विवाह मोडला त्या सुमारास तिने जूडिथ बॅरेट हे नवे नाव घेतले, आणि त्या नावाने १९४० साली बिंग क्रॉस्बी व बॉब होप ह्यांच्या ‘रोड टू सिंगापूर’ ह्या चित्रपटात काम केले. नाव बदलून नवे आयुष्य उभारणे हे त्या धंद्यात पुरुषांना जेवढे करावे लागे तेवढेच स्त्रियांनाही. सतत प्रवासात असणाऱ्या, रात्री जागणाऱ्या आणि व्यसनांनी ग्रासलेल्या माणसाबरोबर संसार करणे कसे असेल, ह्याचा विचार न करता पोटगीलाच दोष देणे म्हणजे परिणामास कारण समजणे होय.

५

तरीही पोटगीचा भार खरा होता, आणि तो एवढा असह्य का झाला हे कायद्याच्या आधारेच समजते. ह्या तिन्ही विवाहांच्या काळात अमेरिकेतील घटस्फोटाचा कायदा राज्याराज्यांचा निराळा असला तरी त्याचे मूळ तत्त्व सामान्यतः एकच होते : कोणातरी एका पक्षाचा दोष सिद्ध झाला पाहिजे. व्यभिचार, क्रौर्य, परित्याग अशी ती कारणे. न्यूयॉर्कमध्ये १९६६ च्या सुधारणेपर्यंत व्यभिचार हे घटस्फोटाचे जवळजवळ एकमेव कारण होते. दोष सिद्ध न करता विवाह संपविण्याची मुभा देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९६९ साली संमत झाला व १९७० पासून अमलात आला. एडवर्ड्सच्या आयुष्यातले तेव्हा दीडच वर्ष उरले होते. दोषाच्या तत्त्वामुळे पोटगीला भरपाईचे रूप येई. आणि ज्याचे उत्पन्न आठवड्यागणिक बदलते अशा कलावंताची पोटगी त्याच्या भरभराटीच्या काळी ठरली, म्हणजे ओहोटीच्या काळी ती मानेवर बसे. रक्कम कमी करून घेण्यास पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागे.

दुसरी अडचण प्राप्तिकराची. १९१७ सालच्या ‘गूल्ड विरुद्ध गूल्ड’ ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पत्नीस मिळणारी पोटगी हे तिचे करपात्र उत्पन्न नव्हे. ह्याची दुसरी बाजू अशी की, पोटगी देणाऱ्या पतीस ती रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा करता येत नसे. जी रक्कम हातात उरलीच नाही तिच्यावरही त्याला कर द्यावा लागे. हा नियम १९४२ सालच्या महसूल कायद्याने बदलला व पोटगी वजा करण्याची सोय झाली. म्हणजे एडवर्ड्सचा तिसरा घटस्फोट होऊन काही वर्षे लोटेपर्यंत, त्याने पोटगीपोटी दिलेल्या प्रत्येक डॉलरवर कराचाही बोजा होता. चरित्रकार ‘पोटगी आणि कर’ असे दोन शत्रू वेगवेगळे मोजतात. वस्तुतः त्या काळी एक दुसऱ्याला जन्म देत असे.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. १९३० नंतरच्या दशकात व १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एडवर्ड्सने चार वेळा दिवाळे जाहीर केले. सामान्य वाचकास ह्यात निर्लज्जपणा दिसतो : कर्ज करावे, दिवाळे काढावे, पुन्हा कर्ज करावे. परंतु १८९८ च्या अमेरिकन दिवाळखोरी कायद्याचे कलम पाहिले तर चित्र उलटते. ह्या कायद्याने दिवाळखोरास सावकार, दुकानदार, हॉटेलवाले ह्यांच्या देण्यातून मुक्ती मिळे. सरकारी करातून मिळत नसे. १९०१ साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीही त्या मुक्तीबाहेर ठेवली आणि १९०३ च्या दुरुस्तीने कायद्यातच तसे लिहिले. म्हणजे जी दोन देणी एडवर्ड्सला सर्वांत जड होती, नेमकी तीच दिवाळखोरीने मिटत नव्हती. चार दिवाळी काढूनही तो मोकळा झाला नाही ह्यात आश्चर्य नाही. आश्चर्य असलेच तर ते एवढेच की, दिवाळे हा मोकळे होण्याचा मार्ग आहे असे त्याला पुनःपुन्हा वाटावे.

ह्या कायद्यामागील हेतू निंद्य नव्हता. सोडून दिलेल्या पत्नीचे पोट दिवाळखोरीच्या पळवाटेने मारले जाऊ नये, हा तो हेतू, आणि तो न्याय्यच होता. त्या काळी बहुसंख्य स्त्रियांना स्वतंत्र अर्थार्जनाची वाट बंद होती हे लक्षात घेता ह्याहून सौम्य कायदा क्रूर ठरला असता. प्रश्न वेगळा आहे. कायद्याने ह्या कलावंताच्या देण्यांना आयुष्यभराचे केले. त्याच्या मिळकतीचे मूळ जो आवाज, त्याला मात्र त्याच कायद्याने कोणते स्थान दिले?

६

१९४० साली त्याला पुन्हा एक वैभवाचा क्षण लाभला. त्याआधी ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधील रुग्णालयाच्या प्रसंगात आठवणी सांगणाऱ्या एका सैनिकाचा आवाज त्याने दिला होता. तो सैनिक ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. ७ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्ट डिस्नेचा ‘पिनोकिओ’ प्रथम दाखविला गेला. त्यातील जिमिनी क्रिकेट ह्या रातकिड्याचा आवाज एडवर्ड्सचा.

ह्या पात्राच्या नावाची कथा भाषेच्या अभ्यासकास रंजक वाटेल. कार्लो कोल्लोदीच्या मूळ इटालियन कथेत (१८८१–८३) ह्या किड्याला नाव नाही. तो नुसता ‘बोलका रातकिडा’ आहे, आणि पिनोकिओ त्याला हातोडा फेकून मारतो. डिस्नेने त्याला जिवंत ठेवले, सदसद्विवेकबुद्धीचे काम दिले आणि नाव दिले ते इंग्रजीतील एका उद्गाराचे. ‘जिमिनी क्रिकेट’ हा येशू ख्रिस्ताचे नाव व्यर्थ घेण्याचे पाप टळावे म्हणून त्याच आद्याक्षरांवर बेतलेला जुना उद्गार आहे. डिस्नेच्याच ‘स्नो व्हाइट’मध्ये (१९३७) बुटक्यांच्या तोंडी तो येतो. एक नाव टाळण्यासाठी घडलेला शब्द येथे दुसऱ्याचे नाव झाला. आणि त्या पात्राला आवाज देणाऱ्याचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आलेच नाही; कार्टूनपटांत आवाज देणाऱ्यांची नावे न छापण्याची त्या वेळी प्रथाच होती.

ज्याच्या तबकड्यांत काही गाणी सभ्य घरांत वाजविण्यासारखी नव्हती, ज्याला व्यसनांनी ग्रासले होते, त्याने विवेकाचा आवाज व्हावे ह्यात पुष्कळांना विनोद दिसला आहे. ‘व्हेन यू विश अपॉन अ स्टार’ हे त्यातील गाणे ऐकणाऱ्यास तो विनोद फार काळ पुरत नाही. ली हार्लाइन व नेड वॉशिंग्टन ह्यांच्या ह्या गाण्यास त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. गुत्त्यात पियानोच्या गोंगाटावर मात करण्यासाठी कमावलेला तारस्वर येथे मायक्रोफोनजवळ अगदी हलका झालेला आहे. शेवटच्या ओळीत तो खोट्या स्वरात चढतो ते जुन्या लकबीने नव्हे, तर त्या लकबीचा सगळा दिखाऊपणा गाळून. विद्युत्-ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ झाले होते. परंतु व्हॉडव्हिलचा आवाज मायक्रोफोनला पुरता वश झाल्याचे उदाहरण द्यावयाचे तर हे द्यावे.

पुढच्या वर्षीच्या ‘डम्बो’मध्ये त्याने कावळ्यांच्या म्होरक्याचा आवाज दिला. त्या पात्राला निर्मितीच्या वेळी ‘जिम क्रो’ हे नाव होते. हेच नाव वर्णभेदाच्या कायद्यांनाही होते. बाकीच्या कावळ्यांचे आवाज प्रामुख्याने हॉल जॉन्सन गायकवृंदातील नीग्रो कलावंतांचे, आणि म्होरक्याचा आवाज नीग्रो बोलीची नक्कल करणाऱ्या गोऱ्या माणसाचा. १९२२ च्या त्या ध्वनिमुद्रणात जी गुंतागुंत होती तीच येथे कार्टूनच्या रूपाने पुन्हा दिसते.

७

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. गाण्याच्या रचनेस अमेरिकन कायद्याने स्वामित्वहक्क दिला होता. कवी, संगीतकार व प्रकाशक ह्यांना १९१४ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघामार्फत प्रयोगाचे मानधन मिळे. गायकाच्या मुद्रित आवाजास मात्र संघराज्याच्या कायद्यात संरक्षण नव्हते. ज्या वर्षी ‘पिनोकिओ’ आला त्याच वर्षी, १९४० साली, वादकसंचाचा प्रमुख पॉल व्हाइटमन ह्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात न्यायमूर्ती लर्नेड हँड ह्यांनी असा निर्णय दिला की, तबकडी एकदा विकली गेली म्हणजे ती नभोवाणीवर वाजविण्यास कलावंत वा तबकडीची कंपनी हरकत घेऊ शकत नाही. चित्रपटांच्या बाबतीतही तेच. १९६० सालच्या नटांच्या संपानंतर पुनःप्रदर्शनाबद्दल मोबदला देण्याचे ठरले, ते टेलिव्हिजनवर दाखविल्या जाणाऱ्या १९६० नंतरच्या चित्रपटांपुरते. त्याआधीचे चित्रपट त्यातून वगळले गेले. ‘पिनोकिओ’ १९४५, १९५४, १९६२ व १९७१ ह्या साली पुन्हा प्रदर्शित झाला. ध्वनिमुद्रणास संघराज्याच्या स्वामित्वहक्काचे संरक्षण देणारा कायदा १५ फेब्रुवारी १९७२ पासून अमलात आला, तोही त्या तारखेनंतरच्या मुद्रणांपुरता. एडवर्ड्स त्यापूर्वी सात महिने मरण पावला होता.

ह्या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. विवाहामुळे निर्माण झालेले देणे कायद्याने कायमचे केले होते. आवाजामुळे निर्माण झालेले येणे कायद्याने त्या त्या दिवसाच्या मजुरीपुरतेच मानले होते. देणे टिकाऊ आणि येणे क्षणिक, अशा वहीचा मेळ कोणत्याही काटकसरीने सहज बसला नसता. उधळेपणाने तो प्रसंग लवकर आला, एवढेच.

८

नंतरची वर्षे थोडक्यात सांगता येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने स्वस्त पाश्चात्त्यपटांत घोडेस्वार नायकाच्या विनोदी सोबत्याची कामे केली. १९४९ साली सीबीएस टेलिव्हिजनवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम काही काळ चालला. १९५५ पासून ‘मिकी माउस क्लब’ ह्या कार्यक्रमात जिमिनी क्रिकेट मुलांना शिस्तीचे व सुरक्षिततेचे धडे देऊ लागला. ‘एन्सायक्लोपीडिया’ ह्या लांबलचक शब्दाची अक्षरे गाऊन शिकविणारा त्याचा भाग विशेष लोकप्रिय झाला. अमेरिकेच्या एका पिढीने हा शब्द एडवर्ड्सच्या चालीवर पाठ केला. शाळा चौदाव्या वर्षी सोडणाऱ्या माणसाने शब्दलेखन शिकवावे ही गोष्ट विलक्षण आहे. पण त्या मुलांना शिक्षकाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

अखेरच्या काळात तो डिस्नेच्या कलागृहात येरझाऱ्या घाली. तेथील चित्रकार त्याला जेवावयास नेत आणि तो त्यांना व्हॉडव्हिलच्या गोष्टी सांगे. १७ जुलै १९७१ रोजी हॉलिवूडमधील एका शुश्रूषालयात धर्मादाय रुग्ण म्हणून वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्याचा अंत झाला. पार्थिवावर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणून ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आले. ही वार्ता कळल्यावर, त्याच्या औषधोपचाराचा बराच खर्च आधीपासून गाजावाजा न करता सोसणाऱ्या डिस्ने संस्थेने अंत्यविधीची तयारी दर्शविली; शेवटी तो खर्च नटांच्या दोन साहाय्यनिधींनी केला व नॉर्थ हॉलिवूडमधील व्हलहॅला दफनभूमीतील स्मृतिशिला डिस्नेने बसविली. १९७३ पासून एडी कॅरल हा नट जिमिनीचा आवाज देऊ लागला. २००० साली डिस्नेने एडवर्ड्सचा मरणोत्तर गौरव केला. २००२ साली ‘व्हेन यू विश अपॉन अ स्टार’च्या ध्वनिमुद्रणास ग्रॅमी सन्मानदालनात स्थान मिळाले, आणि काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतनासाठी निवडलेल्या ध्वनिमुद्रणांच्या २००९ सालच्या यादीत त्याचा समावेश झाला.

अशा चरित्राकडे नीतिकथा म्हणून पाहिल्यास अभ्यासकाच्या हाती फक्त एक उधळ्या माणूस लागतो, आणि त्याच्या बरोबरीने तीन स्त्रिया आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहतात. कायद्याचा इतिहास म्हणून पाहिल्यास असे दिसते की, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानवी आवाज प्रथमच माणसापासून वेगळा काढून साठविता व विकता येऊ लागला. परंतु तो वेगळा काढल्यावर त्याचा धनी कोण, हे ठरविण्यास समाजाला पुष्कळ उशीर लागला. विवाहसंबंधांतून येणारी जबाबदारी मात्र समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेवली होती. ह्या दोन गतींमधील अंतरात जे कलावंत सापडले, त्यांच्या आयव्ययाची तपासणी अजून नीटशी झालेली नाही. ती व्हावयाची तर तबकड्यांच्या सूचींबरोबर न्यायालयांची दप्तरेही वाचावी लागतील.